कुलाबा ते मानखुर्द, व्हाया नाना चौक

केंद्राचा पहिला पत्ता एका शाळेचा होता: मुंबई महापालिकेची शाळा, नाना चौक, ग्रँट रोड. १९७४ साली टाटा मूलभूत संशोधन संस्थेने होमी भाभा विज्ञान शिक्षण केंद्र सुरू केले, तेव्हा सर दोराबजी टाटा ट्रस्टचे अनुदान हाताशी होते, भाभांचे नाव होते आणि कुलाब्याला समुद्राकाठी मूळ संस्थेची देखणी इमारतही होती. तरी केंद्राने बिऱ्हाड थाटले ते महापालिकेच्या शाळेत. पुढे अठरा वर्षांनी, १९९२ मध्ये, ते मानखुर्दला स्वतःच्या वास्तूत राहायला गेले. केंद्राला पन्नास वर्षे झाली म्हणून आम्ही भौतिकशास्त्राच्या शिक्षकांनी ही स्मरणिका काढली आणि इतिहासाचे पान माझ्या वाट्याला आले. लिहिणारी बाई शिक्षिका आहे. तेव्हा इमारतींपेक्षा वर्गखोल्यांचाच उल्लेख जास्त येईल, हे आधीच सांगून ठेवते.

बिऱ्हाड बदलण्याची सवय या घराण्यात जुनीच. मूळ संस्था १९४५ च्या जूनमध्ये बंगळूरला, भारतीय विज्ञान संस्थेच्या आवारात सुरू झाली. वर्ष संपायच्या आत ती मुंबईला आली आणि पेडर रोडवरच्या ‘केनिलवर्थ’ या बंगल्याच्या अर्ध्या भागात राहू लागली. बंगला भाभांच्या नात्यातलाच. १९४९ साली ती गेटवेजवळच्या जुन्या यॉट क्लबात गेली, आणि १९६२ च्या जानेवारीत पंडित नेहरूंच्या हस्ते कुलाब्याच्या वास्तूचे उद्घाटन झाले. सतरा वर्षांत चार पत्ते. मुंबईतल्या भाडेकरूला यात नवल वाटणार नाही. पण या सगळ्या हलवाहलवीत फळ्यासमोर बसणारी माणसे तीच राहिली. शास्त्रज्ञ शास्त्रज्ञांशीच बोलत होते. कुलाब्याहून नाना चौकाला येताना मात्र समोरचा श्रोताच बदलला. बसने तासाभराचाही हा रस्ता नाही, तरी माझ्या मते केंद्राच्या आयुष्यातले सर्वांत लांबचे स्थलांतर हेच.

त्याची पूर्वतयारी केंद्र सुरू होण्याच्या आधीपासून चालली होती. १९६० च्या दशकाच्या अखेरीस संस्थेतले काही शास्त्रज्ञ महापालिकेच्या शाळांत जाऊ लागले. बॉम्बे असोसिएशन फॉर सायन्स एज्युकेशन हे त्यांच्या मंडळाचे नाव. भालचंद्र माधव उदगावकर, व्ही. जी. कुलकर्णी आणि यशपाल ही त्यातली ठळक माणसे, आणि तिघेही भौतिकशास्त्राचे. उदगावकर सैद्धांतिक कणभौतिकीत मुरलेले, यशपाल विश्वकिरणांच्या मागे लागलेले. कुलकर्णी पुढे केंद्राचे संस्थापक संचालक झाले.

या मंडळींना हाताशी धरायला साहित्य मिळाले ते शिक्षकांकडूनच, हे आम्हा शिक्षकांना सांगायला बरे वाटते. अखिल भारतीय विज्ञान शिक्षक संघाचा एक भौतिकशास्त्र अभ्यासगट होता. त्याने प्रयोगांतून भौतिकशास्त्र शिकवण्याची एक रीत बसवली होती. गटातले बरेच शिक्षक मोठ्या निवासी पब्लिक स्कूलमधले, म्हणजे ज्यांच्याकडे प्रयोगशाळा होती, वेळ होता आणि वर्गात मुले मोजकी होती. शास्त्रज्ञांनी ती रीत उचलली आणि गच्च भरलेल्या महापालिकेच्या वर्गांत आणून लावून पाहिली. घड्याळ एका भिंतीवरून काढून दुसऱ्या भिंतीवर लावावे इतके हे सोपे नव्हते. वर्गात साठ मुले असतील, तर ‘प्रत्येकाने प्रयोग करून पाहावा’ या वाक्याचा अर्थच बदलतो.

प्रयोग आणि शाळा यांचे नाते कसे असते, ते माझ्या पिढीतल्या शिक्षकांना ठाऊक आहे. मी नोकरीला लागले त्या शाळेत उपकरणांचे कपाट होते, कपाटाला कुलूप होते आणि किल्ली मुख्याध्यापकांच्या खणात होती. प्रत्येक वस्तूची नोंद डेडस्टॉक रजिस्टरमध्ये. भिंग फुटले तर भरून द्यावे लागेल, ही धास्ती. त्यामुळे आमच्याकडे पंचवीस वर्षांत एकही भिंग फुटले नाही. इन्स्पेक्शनच्या दिवशी ती बाहेर निघत, पुसून टेबलावर मांडली जात, आणि साहेबांची गाडी फाटकाबाहेर पडली की परत आत. अशा शाळेत शिकवायचे तर कपाटाबाहेरच्या वस्तूंवर भागवावे लागते: सुतळी, दगड, बाटलीचे बूच, सायकलचा आरा, पाण्याने भरलेली परात. नाना चौकातल्या मंडळींना हे फार लवकर उमगले, कारण ते शाळेतच राहत होते. कुलाब्याला बसून त्यांनी उपकरणांची यादी केली असती, तर ती बहुधा आमच्या कपाटासारखीच झाली असती.

मुंबईच्या या प्रयोगाची एक फांदी थेट नर्मदेकाठी गेली. टाटा संस्थेतलेच रेण्वीय जीवशास्त्रज्ञ अनिल सद्गोपाल मुंबई सोडून मध्य प्रदेशातल्या होशंगाबाद जिल्ह्यात गेले. त्यांची किशोर भारती आणि रसूलियाचे फ्रेंड्स रूरल सेंटर यांनी मिळून १९७२ साली १६ मिडल स्कूलमध्ये होशंगाबाद विज्ञान शिक्षण कार्यक्रम सुरू केला. सुरुवातीला हाताशी होते ते त्याच भौतिकशास्त्र अभ्यासगटाचे साहित्य, मुंबईच्या शाळांत वापरून पाहिलेले. त्यातून पुढे ‘बाल वैज्ञानिक’ ही पुस्तके झाली, कार्यक्रम जिल्हाभर पसरला, १९८२ मध्ये ‘एकलव्य’ ही संस्था उभी राहिली. २००२ साली राज्य सरकारने तो कार्यक्रम शाळांतून बंद केला. तीस वर्षे चाललेले काम एका आदेशाने थांबवणे ही घोडचूक होती, असे माझे मत आहे; ते इथे नोंदवते आणि नाना चौकात परत येते.

नाना चौक हे नाव जगन्नाथ शंकरशेटांचे. एकोणिसाव्या शतकाच्या मध्याला मुंबईच्या शिक्षण मंडळात वाद पेटला होता, शिक्षण इंग्रजीतून द्यायचे की देशी भाषांतून. अध्यक्ष अर्स्किन पेरी इंग्रजीच्या बाजूचे. नाना देशी भाषेच्या बाजूने उभे राहिले. त्यांच्या नावाच्या चौकात सव्वाशे वर्षांनी शास्त्रज्ञांचे एक टोळके मराठी शाळेत विज्ञान शिकवायला बसले आणि त्यांच्या लक्षात आले की मराठी माध्यम म्हणजे मुलांची मराठी नव्हे. हा योग कुणी जुळवून आणलेला नाही, पण इतिहास लिहिताना डोळ्यांआड करवत नाही.

केंद्राचे माझ्या लेखी सर्वांत मोलाचे काम भाषेचेच. कुलकर्णी आणि त्यांच्या सहकाऱ्यांना वर्गात बसून दिसले की मुले अडतात ती विज्ञानाला नव्हे, विज्ञानाच्या पुस्तकातल्या वाक्याला. माझ्याच एका जुन्या पाठ टाचणात मी लिहिले आहे: ‘उंचीवरील पदार्थाच्या ठिकाणी साठलेल्या स्थितिज ऊर्जेचे अधोगामी गतीत गतिज ऊर्जेत रूपांतरण होते.’ यातले ‘पदार्थाच्या ठिकाणी’ ऐकून मुले एखादी जागा शोधू लागतात, आणि ‘अधोगामी’ हा शब्द कामाठीपुऱ्यातल्या किंवा धारावीतल्या मुलाने वर्गाबाहेर कधी ऐकलेला नसतो. दगड वर धरला, सोडला, खाली येताना त्याचा वेग वाढत गेला, हे त्याने रोज पाहिलेले असते. त्या पाहण्याला आणि त्या वाक्याला जोडणारा पूलच नाही. केंद्राच्या मंडळींनी पाठ्यपुस्तकातला आशय होता तसा ठेवला आणि भाषा तेवढी सोपी केली. ती पुस्तके महापालिकेच्या वर्गांत वापरली, मुलांची चाचणी घेतली. आकलन सुधारले. त्याहून महत्त्वाचे म्हणजे वर्गात बोलणे वाढले. प्रश्नाला उत्तर म्हणून पाठ केलेले वाक्य फेकणारी मुले स्वतःच्या शब्दांत सांगू लागली. कुलकर्णी आणि व्ही. जी. गंभीर यांनी १९८१ मध्ये त्यावर शोधनिबंध लिहिला: शिक्षण सगळ्यांपर्यंत न्यायचे तर भाषेची भिंत आधी पाडावी लागेल, असा त्याचा रोख.

यावर तेव्हाही लोकांनी नाके मुरडली असणार, आजही मुरडतात. ‘भाषा सोपी केली की शास्त्र पातळ होते’ हे मी शिक्षकखोलीत इतक्यांदा ऐकले आहे की त्याला उत्तर देणे सोडून दिले. स्थितिज आणि गतिज हे शब्द मुलांना आलेच पाहिजेत, त्यात तडजोड नाही. पण ते पाठाच्या शेवटी यावेत, दगड पडून झाल्यावर. नाना चौकाने मला एवढे शिकवले आणि ते बी.एड.च्या वर्षात कुणी शिकवले नव्हते.

त्याच धर्तीवर दुसरे काम झाले ते महापालिकेच्या शाळांतल्या अनुसूचित जातींच्या मुलांबरोबर. ही मुले आठवीत असताना निवडून शालान्त परीक्षेपर्यंत त्यांच्याबरोबर नेटाने राहायचे, अशी योजना होती. कुलकर्णी आणि एस. सी. आगरकर यांनी ती चालवली. मुलांच्या बुद्धीत खोट नव्हती. वाचनाची, लिहिण्याची, प्रश्न विचारण्याची सवय कमी पडत होती, आणि घरात त्यासाठी कोपरा नव्हता. ती सवय लावल्यावर शालान्त परीक्षेचे निकाल असे लागले की ‘या मुलांना विज्ञान झेपत नाही’ म्हणणाऱ्यांना गप्प बसावे लागले. अर्थात गप्प बसणे आणि पटणे यात फरक असतो.

मुंबईबाहेरचा पहिला मोठा मुक्काम खिरोद्याला पडला. जळगाव जिल्ह्यातल्या रावेर तालुक्यातले हे गाव, सातपुड्याच्या पायथ्याशी. जवळच फैजपूर, जिथे १९३६ साली काँग्रेसचे पहिले ग्रामीण अधिवेशन भरले. खिरोद्याला धनाजी नाना चौधरींच्या वेळेपासून शिक्षणाचे काम चालत आलेले. त्यांचे चिरंजीव मधुकरराव चौधरी राज्याचे शिक्षणमंत्री आणि पुढे विधानसभेचे अध्यक्ष झाले. सातपुडा विकास मंडळाच्या साहाय्याने केंद्राने १९७० च्या दशकाच्या उत्तरार्धात आसपासच्या खेड्यांतल्या माध्यमिक शाळांत काम केले. नाना चौकातली मुले आणि रावेर तालुक्यातली मुले यांच्या बोलीत जमीन-अस्मानाचा फरक. तावडी बोलणाऱ्या पोराला पुण्याच्या मराठीतले पुस्तक दिले, तर ते त्याला कितपत आपले वाटेल? तिथेही मुख्य काम शिक्षकांबरोबरच होते: त्यांना वारंवार भेटायचे, पाठ एकत्र तयार करायचा, वर्गात मागच्या बाकावर बसून तो पाहायचा. ‘प्रशिक्षण’ हा शब्द मला इथे वापरवत नाही. प्रशिक्षणात एक जण बोलतो, बाकीचे हजेरीपटावर सही करून चहाची वाट पाहतात.

१९८१ पासून अणुऊर्जा विभागाने केंद्राचा खर्च उचलला. ट्रस्टच्या अनुदानाला मुदत असते, सरकारी आधाराला ती नसते. केंद्राला पाय रोवायला त्याने बळ मिळाले. अणुऊर्जा विभाग म्हटला की तुर्भे आणि अणुशक्तिनगर आलेच, आणि मानखुर्द त्यांच्या शेजारी. नवी वास्तू तिथे उभी राहिली यात म्हणून आश्चर्य नाही.

१९९२ हे वर्ष या हलण्याला सोयीचे ठरले. त्याच साली हार्बर लाईन मानखुर्दहून खाडीवरून वाशीला पोचली. तोवर शेवटचे स्टेशन असलेले मानखुर्द एकदम मधले झाले. पनवेल, उरणकडच्या शिक्षकांना केंद्र जवळ आले. गिरगाव, ताडदेवच्या शिक्षकांना लांब गेले. वि. ना. पुरव मार्गावरचे शेजारही चांगले मिळाले. देवनारला टाटा समाजविज्ञान संस्था, आणि त्याच रस्त्याने शीवकडे गेले की चुनाभट्टीला मराठी विज्ञान परिषदेचे विज्ञान भवन. उदगावकरांनी परिषदेचे अध्यक्षपदही सांभाळले होते, त्यामुळे या दोन घरांत येणेजाणे आधीपासूनचे.

नव्या जागेने काय दिले? प्रयोगशाळा दिल्या, ग्रंथालय दिले, सभागृह दिले. त्याला आता कुलकर्णींचेच नाव आहे. बाहेरगावचे शिक्षक चार दिवस राहू शकतील अशी सोय दिली. आणि संशोधनाला निवांतपणा दिला. कुलकर्णींनंतर अरविंद कुमार संचालक झाले. तेही सैद्धांतिक भौतिकशास्त्रातलेच. त्यांनी जयश्री रामदास आणि सहकाऱ्यांबरोबर केलेला एक अभ्यास भौतिकशास्त्राच्या प्रत्येक शिक्षकाने वाचावा. पदवीच्या विद्यार्थ्यांना ‘संदर्भ चौकट’ म्हणजे नेमके काय वाटते, हे त्यांनी तपासले. कळले ते असे की अनेकांच्या मनात चौकट ही खरोखरीची, आकार असलेली वस्तू असते. गाडीची चौकट गाडीएवढी, डब्याबाहेर पडले की चौकटीबाहेर. गॅलिलिओची समीकरणे हीच मुले बिनचूक सोडवतात आणि मनात ही चौकट बाळगून पदवी घेतात. १९९४ मध्ये हा निबंध प्रसिद्ध झाला. मी तो पुढे वाचला आणि दुसऱ्या दिवशी वर्गात फळ्यावर आगगाडी काढून विचारले, फलाटावरचा हमाल गाडीच्या चौकटीत आहे की नाही? अर्धा वर्ग ‘नाही’ म्हणाला. शिक्षकखोलीत विचारले, तिथेही मते विभागली गेली.

मग ऑलिम्पियाड आले. इंडियन असोसिएशन ऑफ फिजिक्स टीचर्स ही भौतिकशास्त्राच्या शिक्षकांची देशव्यापी संघटना १९८४ पासून काम करते आहे. तिच्या परीक्षांचे जाळे गावोगावच्या शाळा-महाविद्यालयांत आधीच विणलेले होते. चाळणी त्यांची आणि पुढची तयारी केंद्राची, अशी जोडी जमली. १९९८ मध्ये भारताचा संघ पहिल्यांदा आंतरराष्ट्रीय भौतिकशास्त्र ऑलिम्पियाडला गेला, आइसलंडमध्ये रेक्याविकला. २०१५ साली हीच स्पर्धा मुंबईत भरली, ऐंशीहून अधिक देशांची मुले आली. त्या वेळच्या प्रायोगिक परीक्षेतला एक प्रश्न मला फार आवडतो. मळसूत्री तारेवर लेसरचा झोत सोडायचा आणि पडद्यावर उमटणाऱ्या फुलीच्या आकाराच्या नक्षीवरून तारेच्या वेटोळ्याची मापे काढायची. डीएनएची रचना उलगडताना क्ष-किरणांच्या छायाचित्रात दिसलेली फुली हीच. बॉलपेनातली स्प्रिंग आणि बाजारातला लेसर पॉइंटर एवढ्यावर ती फुली आपल्या वर्गातल्या भिंतीवर दाखवता येते. झोत कुणाच्या डोळ्यांत जाऊ देऊ नये, एवढेच. कपाटाची किल्ली लागत नाही.

बाकीच्या घडामोडी थोडक्यात. जयश्री रामदास यांच्या पुढाकाराने प्राथमिक वर्गांसाठी झालेली पुस्तके मराठीत ‘हलके-फुलके विज्ञान’ म्हणून आली. २००४ मध्ये पदवीच्या विद्यार्थ्यांसाठीचा राष्ट्रीय उपक्रम सुरू झाला, आणि त्याच वर्षी डिसेंबरात विज्ञान-शिक्षणाच्या संशोधनावरची ‘एपिस्टीम’ ही परिषद पहिल्यांदा भरली, ती गोव्यात. अरविंद कुमारांनंतर हेमचंद्र प्रधान, जयश्री रामदास आणि के. सुब्रमण्यम यांनी धुरा वाहिली.

आता थोडे कडू. मानखुर्दला गेल्यावर केंद्र राष्ट्रीय झाले, हे खरे आणि योग्यच. पण नाना चौकात दर पस्तीस मिनिटांनी शाळेची घंटा वाजत असे आणि ती संशोधकांनाही ऐकू जात असे. मधल्या सुट्टीतला गोंगाट, शिपायाने दिलेली हाक, तासाला उशिरा आलेला पोरगा, हे सगळे भिंतीपलीकडेच होते. स्वतःच्या फाटकाच्या आत हे ऐकू येत नाही. त्यासाठी मुद्दाम बाहेर पडावे लागते. केंद्रातली मंडळी बाहेर पडतात, नाही असे नाही. पण पूर्वी त्यांना बाहेर पडावेच लागत नव्हते. ऑलिम्पियाडच्या पदकांची बातमी वर्तमानपत्रात पहिल्या पानावर येते, आणि महापालिकेच्या शाळेतल्या सातवीच्या वर्गात एका वाक्याची भाषा बदलल्याने काय झाले, याची बातमी कुठल्याच पानावर येत नाही. मुलांच्या पदकांचा मलाही अभिमान आहे. तरी पन्नास वर्षांचा हिशेब मांडताना ते वाक्य मी वर ठेवीन.

हे पान लिहिताना एक अडचण सतत जाणवली. शास्त्रज्ञांचे निबंध मिळतात, अहवाल मिळतात. पण नाना चौकात आणि खिरोद्याला ज्या शिक्षकांनी हे प्रयोग आपल्या वर्गांत प्रत्यक्ष केले, त्यांचे लिहिलेले काहीच माझ्या हाती लागले नाही. त्यांची पाठ टाचणे, सोपी केलेली हस्तलिखित प्रकरणे, मुलांनी काढलेल्या आकृत्या, सायक्लोस्टाइल केलेले कागद कुणाच्या तरी माळ्यावरच्या ट्रंकेत असतील, किंवा निवृत्तीनंतर घर बदलताना रद्दीत गेले असतील. त्यातले बरेच शिक्षक आता ऐंशीच्या घरात आहेत. आपल्या ओळखीत असे कुणी असतील तर त्यांच्याकडे एकदा जाऊन या, ट्रंक उघडायला लावा आणि जे निघेल ते रद्दीवाल्याच्या आधी आमच्या संपादक मंडळाकडे पोचवा. कागद फाटलेले असले तरी चालतील.